फ्यूज शाबूत, होल्डर वितळला : जादा दिव्यांचं वायरिंग नव्याने करायचंय

चिखलवाट

मंडळी, जुनी फोर-बाय-फोर घेतली आहे. आधीच्या मालकाने बंपरवर दोन गोल हॅलोजन आणि टपावर एक एलईडी बार बसवून ठेवलाय. दिवे लागतात. पण परवा बोनेट उघडलं तर बॅटरीजवळचा फ्यूज होल्डर एका बाजूने वितळून काळा पडलेला. आतला ३० अँपिअरचा फ्यूज मात्र ठणठणीत! काही बिघडलं की सगळ्यात आधी फ्यूज जातो, त्यासाठीच तर तो असतो ना?

सध्याची जोडणी अशी : बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून लाल तार, मग होल्डर, मग रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), आणि रिलेतून निघालेल्या एकाच तारेला तिन्ही दिव्यांचे फाटे. फाटे पिळून वर काळी टेप. निगेटिव्ह तारा जिथे बोल्ट सापडला तिथे अडकवलेल्या. तारेवर काहीही छापलेलं नाही. हॅलोजन ५५ वॅटचे आहेत. बारच्या खोक्यावर १८० वॅट लिहिलंय (खोकं मालकाने जपून ठेवलं होतं, वायरिंगचा नकाशा मात्र नाही).

सगळं उपटून पुन्हा करायचं मनात आहे. किती जाडीची तार, किती अँपिअरचा फ्यूज, रिले एक की दोन, स्विचला करंट कुठून द्यायचा? आणि होल्डर का वितळला ते आधी सांगा, नाहीतर नवं केलं तरी तेच व्हायचं.

फिरकी_स्क्रू

होल्डर हलक्या प्रतीचा असणार. चांगला घ्या, बदला, विषय संपला. बाजारात तयार हार्नेस मिळतो, त्यात रिले-फ्यूज-स्विच सगळं असतं. अर्ध्या तासाचं काम. उगाच पीएचडी कशाला?

तारयंत्र

फिरकी, होल्डर हलका असेलही. पण भारीतला लावला आणि आतली पाती ढिली पडली की तोही वितळेल.

चिखलवाट, फ्यूजला एकच गोष्ट कळते, आपल्यातून किती करंट जातोय ती. होल्डरच्या पात्या ढिल्या झाल्या किंवा तार नीट दाबलेली नसली की त्या जागी रेझिस्टन्स वाढतो. तो वाढला म्हणून करंट काही वाढत नाही, झाला तर थोडा कमीच होतो. म्हणजे फ्यूजच्या दृष्टीने सगळं आलबेल. उष्णता मात्र करंटच्या वर्गाला रेझिस्टन्सने गुणून निघते. १५ अँपिअर करंट आणि ०.१ ओहम रेझिस्टन्स धरला तर साडेबावीस वॅट झाले, तेही नखाएवढ्या जागेत. २५ वॅटच्या सोल्डरिंग इस्त्रीने आपण शिसं वितळवतो, तिथे प्लास्टिकची काय कथा.

मग फ्यूज असतो कशाला? तारेसाठी. तार घासून पत्र्याला टेकली तर बॅटरी त्यातून शेकडो अँपिअर ओतू शकते. अशा वेळी तार पेटायच्या आधी फ्यूज तुटला पाहिजे. दिवा वाचवणं हा त्याचा धंदा नाही. म्हणून आधी लोड मोजायचा, लोडला पुरेल अशी तार घ्यायची, आणि त्या तारेला सोसेल त्याहून लहान फ्यूज लावायचा. तुमच्याकडे ३० चा फ्यूज आहे आणि त्याखाली कुळशील माहीत नसलेली तार. पूर्ण शॉर्ट झाला तर फ्यूज उडेल. पण दिवे आणि अर्धवट शॉर्ट मिळून २५-२८ अँपिअर जायला लागले तर तो बघत बसेल आणि तार तापत राहील. गाड्या जळतात त्या बऱ्याचदा अशा.

फ्यूज बॅटरीपासून वीतभराच्या आत हवा. बॅटरी ते फ्यूज ह्या तुकड्याला कोणीच वाली नसतो, म्हणून तो जितका आखूड तितका बरा. त्यावर एक जादा स्लीव्ह चढवा.

आणि पुढची चर्चा होईपर्यंत ती लाल तार बॅटरीवरून काढून ठेवा. काढताना आधी बॅटरीचं निगेटिव्ह सोडवायचं. उलट केलंत आणि पाना पत्र्याला टेकला तर पान्याचाच वेल्डिंग रॉड होतो.

ओहमकार

तारयंत्र काकांशी शंभर टक्के सहमत. तारेचा हिशोब मी मांडतो.

तार तापू नये एवढी जाड हवीच, पण गाडीत त्याआधी आडवं येतं ते व्होल्टेज गळणं. एकूण आहेतच १२-१४ व्होल्ट, त्यातला एक वाटेत गेला तरी जाणवतो. तांब्याची १ चौ.मिमी तार मीटरला साधारण १८ मिलिओहम, २.५ ची साधारण ७ आणि ४ ची साडेचार. बंपरवरच्या जोडीला १० अँपिअर आणि तीन मीटर तार धरा. २.५ मध्ये पॉझिटिव्ह बाजूला ०.२ व्होल्ट जातो, निगेटिव्हही तारेनेच परत आणलीत तर तेवढाच आणखी. १ चौ.मिमी वापरलीत तर दोन्ही मिळून एक व्होल्टच्या वर.

एक व्होल्टने काय होतं? हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या जवळजवळ साडेतीनाव्या घाताने पडतो. व्होल्टेज १० टक्के कमी मिळालं की उजेड ३० टक्के गेला. लोक मग जास्त वॅटचा बल्ब घालतात, तो जास्त करंट ओढतो, तारेत आणखी व्होल्टेज जातं, आणि दिवा आहे तस्साच पिवळा. एलईडीची तऱ्हा वेगळी. चांगल्या बारमध्ये ड्रायव्हर (करंट सांभाळणारं सर्किट) असतो, व्होल्टेज कमी झालं की तो जास्त करंट ओढून उजेड तेवढाच ठेवतो. दिसायला सगळं छान, पण बारीक तारेवरचा भार वाढलेला.

म्हणून दोन्ही फांद्यांना (एक हॅलोजनची, एक बारची) २.५ चौ.मिमी आणि प्रत्येकी १५ अँपिअरचा (निळा) फ्यूज. टपापर्यंतची तार पाच-सहा मीटर भरत असेल तर ४ घ्या, फ्यूज १५ च ठेवा.

तार विकत घेताना जाडीवर जाऊ नका. वरचं आवरण जाड आणि आत चार केस, असा माल भरपूर असतो. एक टोक सोलून चाकूने खरवडा. आतून पांढरं दिसलं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. त्याचा रेझिस्टन्स तांब्याच्या दीडपटीच्या पुढे आणि क्रिंपमध्ये (दाबून बसवलेल्या जोडात) ते टिकतही नाही. घरगुती वायरिंगची तारही नको. तिचं साधं आवरण ७० अंशांचं असतं, इंजिनजवळ ते कडक होऊन तडकतं. गाडीच्या पातळ आवरणाच्या तारा १०५ अंशांच्या मिळतात, आत बारीक तंतू पुष्कळ, त्यामुळे थरथरीत तुटत नाहीत.

चिखलवाट

बाप रे, मस्त. लाल तार काढून ठेवली आहे. पण ओहमकार, १८० वॅट भागिले १२ म्हणजे बारचेच १५ अँपिअर झाले. मग १५ चा फ्यूज उडणार नाही का?

ओहमकार

खोक्यावरच्या वॅटवर जाऊ नका. बऱ्याचदा आतले एलईडी मोजून प्रत्येकाच्या कमाल क्षमतेने गुणलेलं असतं. ६० एलईडी गुणिले ३, झाले १८०. तेवढा करंट खरंच ओढला तर बाहेरचं ॲल्युमिनियम हात लावू देणार नाही. मोजून बघा. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर मिळाला तर उत्तम (साधे क्लॅम्प फक्त एसी मोजतात, विचारून घ्या). नाहीतर मल्टिमीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून सिरीजमध्ये, फक्त बार चालू ठेवून, थोडाच वेळ. १० च्या वर जाईल असं वाटलं तर तो नाद सोडा. जो आकडा येईल तो फ्यूजच्या पाऊण भागापेक्षा कमी असावा, कारण हा लोड तासन्तास चालतो.

काजवा

नवशिका प्रश्न. माझ्याकडे २० अँपिअर लिहिलेला स्विच आहे. तो थेट लावला तर रिलेची गरज काय? आणि त्या रिलेवर ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे का? १, २, ३, ४ का नाहीत?

तारयंत्र

आकडे जर्मन प्रमाणातून आलेत, डीआयएन ७२५५२. त्यात गाडीतल्या प्रत्येक जोडणीला ठरलेला आकडा आहे. ३० म्हणजे बॅटरीचा थेट पॉझिटिव्ह, १५ म्हणजे चावीनंतरचा, ३१ म्हणजे अर्थ (बॉडीला जोडलेलं निगेटिव्ह), ५६ए अप्पर, ५६बी डिपर, ५८ पार्किंग दिवे. रिलेत ८५ आणि ८६ ही कॉइलची टोकं, ८७ म्हणजे दिव्याकडे जाणारी.

स्विच थेट लावलात तर दहा अँपिअरचा करंट बॅटरीपासून डॅशबोर्डपर्यंत येणार आणि तिथून परत दिव्यापर्यंत जाणार. तार दुप्पट, गळती दुप्पट, आणि भरलेली तार तुमच्या गुडघ्याशी. रिलेची कॉइल ०.१५ ते ०.२ अँपिअर घेते, त्यामुळे आत फक्त बारीक तार जाते. स्विचवरचे २० अँपिअर विसरून जा.

दोन ठिकाणी लोक फसतात. पाच पायांच्या रिलेत मधला पाय ८७ए असतो. रिले बंद असताना ३० चा करंट त्या ८७ए वर उभा असतो. दिवा चुकून तिथे जोडला की स्विच बंद केल्यावर दिवा लागतो, ते लगेच कळतं. पण तिथे रिकामी पट्टी किंवा उघडी तार लोंबत असेल तर ती कायम जिवंत असते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. त्यातही काही रिलेंमध्ये मधल्या पायावर ८७ए नसून दुसरा ८७ च असतो, दिसायला अगदी जुळे. अंगावरचा नकाशा वाचल्याशिवाय जोडू नका. चार पायांचा मिळत असेल तर तोच घ्या.

दुसरं, कॉइलवर डायोड असलेला रिले. कॉइल बंद होताना उलटा झटका देते, तो डायोड गिळतो, नव्या गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सला ते बरं. पण मग ८६ ला पॉझिटिव्ह आणि ८५ ला निगेटिव्हच हवं. उलटं जोडलंत तर डायोडमधून शॉर्ट. साध्या कॉइलला उलटसुलट चालतं, त्यामुळे हातांना ती सवय लागलेली असते.

रिले पाय खाली करून बसवा. पाय वर ठेवले की पाणी आत साठतं.

वळणवाट

छान चाललाय धागा. स्विचला करंट कुठून, हे राहिलंच की.

बॅटरीवरून थेट घेतलात तर गाडी बंद करून गेल्यावर दिवा राहिला चालू, सकाळी बॅटरी झोपलेली. चावीनंतरचा करंट (काकांचा १५ नंबर) घेतला तर ते टळतं. माझं मत मात्र वेगळं आहे. लांब फेकीचे दिवे अप्परच्या तारेवरूनच चालले पाहिजेत, मध्ये स्विच घालून. म्हणजे समोरून कोणी आलं की एका बोटाने डिपर, आणि सगळे जादा दिवे त्याबरोबर बंद. अंधारात वळणावर डॅशबोर्डवरचं बटण चाचपडणारा चालक मी शेजारच्या सीटवरून पाहिलाय. समोरच्याच्या डोळ्यात तोवर टपावरचा बार गेलेला असतो.

सार्वजनिक रस्त्यावर ह्या दिव्यांना बऱ्याच देशांत परवानगी नाही किंवा ते झाकून ठेवावे लागतात. जिथे परवानगी आहे तिथेही मर्यादा असते. यूएनची ४८ क्रमांकाची नियमावली पाळणाऱ्या देशांत सगळ्या अप्पर दिव्यांची मिळून तीव्रता ४,३०,००० कॅन्डेलाच्या वर जाऊ देत नाहीत. प्रमाणित दिव्याच्या काचेवर संदर्भ आकडा असतो, त्यांची बेरीज १०० च्या आत हवी. ज्या बारच्या काचेवर असा कुठलाच शिक्का नाही तो फक्त रस्ता सोडल्यावर वापरायचा, एवढं सोपं.

फिरकी_स्क्रू

ताई, पण दगडांमधून पहिल्या गिअरमध्ये रांगताना अप्पर कशाला हवा? तिथे फक्त जवळचा पसरट उजेड लागतो. अप्परला बांधून ठेवलं तर पंचाईत.

वळणवाट

बरोबर, म्हणूनच मी "लांब फेकीचे" म्हटलं. रांगायचे दिवे वेगळे ठेवा, त्यांना चावीनंतरचा करंट आणि स्वतंत्र स्विच. चिखलवाट ह्यांच्याकडे नाहीतरी दोन रिले होणार आहेत. हॅलोजन अप्परवर, बार स्वतंत्र.

आणि टपावरचा बार वेगात असताना लावू नका, हे आपलं अवांतर. बोनेटवर त्याचा उजेड पडतो, गाडीपुढची दहा-पंधरा पावलं लख्ख होतात, आणि जवळ एवढा प्रकाश असला की बाहुली आकसते. लांबचं उलट कमी दिसतं. धुळीत किंवा धुक्यात तर समोर पांढरी भिंत. बंपरच्या उंचीवरचे दिवे तिथे कामाला येतात.

चिखलवाट

मापं घेऊन आलो. जुनंच वायरिंग पाच मिनिटं जोडलं, शेजारी आग विझवायचं नळकांडं ठेवून. इंजिन चालू, फक्त हॅलोजन लावलेले. बॅटरीवर १३.९ व्होल्ट, दिव्याच्या दोन टोकांत ११.६. बारचा करंट क्लॅम्पवर ८ अँपिअर, १८० वॅट कुठले! मल्टिमीटरचं एक टोक होल्डरच्या अलीकडे आणि एक पलीकडे लावलं तर ०.७ व्होल्ट. बॅटरीच्या निगेटिव्हपासून दिव्याच्या निगेटिव्हपर्यंत ०.९.

शिवाय फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) भोकातून स्विचची तार ग्रोमेटशिवाय (रबरी कड्याशिवाय) गेलीय, आवरण अर्धं कापलेलं आहे.

ओहमकार

वा, ह्याला म्हणतात माप. बॅटरी आणि दिवा ह्यांत २.३ व्होल्टचा फरक. म्हणजे साडेसोळा टक्के गेले, उजेड जवळजवळ निम्म्यावर आला. त्यातले ०.७ एकट्या होल्डरमध्ये, ०.९ अर्थमध्ये, उरलेले ०.७ तारेत आणि रिलेत.

होल्डरचं बघा. हॅलोजनचे साधारण ९ अँपिअर धरले तर ०.७ गुणिले ९, सहा वॅटच्या वर. रेझिस्टन्स जवळपास ०.०८ ओहम. त्यात बारचे ८ मिसळले की १७ अँपिअर, आणि वर्गाच्या हिशोबाने उष्णता २२ वॅटच्या पुढे. करंट दुप्पट नाही झाला तोवर उष्णता साडेतीनपट. तुमचा होल्डर बार लावल्यावरच वितळला असणार. फ्यूज ३० चा, त्याला १७ म्हणजे किरकोळ.

०.९ च्या अर्थबद्दल काका बोलतीलच.

तारयंत्र

बोलणारच. मंद दिव्याची तक्रार घेऊन गाडी आली की मी आधी अर्थ बघतो, बहुतेक वेळा पुढे जावं लागत नाही. "जिथे बोल्ट सापडला तिथे" ह्या बोल्टखाली रंग असतो, गंज असतो, कधी बोल्ट रबराच्या बुशवर बसलेला असतो आणि बॉडीशी त्याचा संबंधच नसतो.

बॉडीचा जाड पत्रा किंवा चासीचा बोल्ट निवडा. खाली चकचकीत पत्रा दिसेपर्यंत रंग खरवडा, दातेरी वॉशर घाला, थिंबल (तारेच्या टोकाची धातूची कडी) बसवून घट्ट आवळा, आणि मगच वरून पेट्रोलियम जेली किंवा रंगाचा हात. आधी जेली लावून वर थिंबल नको. अर्थची तार पॉझिटिव्हएवढीच जाड. करंट जेवढा जातो तेवढाच परत येतो, हे लोक का विसरतात कळत नाही.

बॅटरीच्या निगेटिव्हवर थेट आणायची असेल तर आधी तिथे बघा. नव्या गाड्यांत निगेटिव्हच्या क्लॅम्पवर एक छोटा सेन्सर असतो, त्याला दोन-चार बारीक तारा येतात. तो बॅटरीतून जाणारा-येणारा करंट मोजत असतो. तुमची अर्थ सेन्सरच्या आधी, थेट बॅटरीच्या खुंटीवर लावलीत तर दिव्यांचा करंट त्याला दिसतच नाही आणि चार्जिंगचा हिशोब चुकतो. अशा गाडीत अर्थ सेन्सरच्या पलीकडे, बॉडीवर लावायची.

कापलेली तार बदला, टेप मारून चालवू नका. फायरवॉलमध्ये भोक पाडलंत तर कडा घासून, रंग लावून, ग्रोमेट बसवूनच तार घाला. आत शिरायच्या आधी तारेला खाली एक झोल ठेवा, म्हणजे पाणी तारेवरून ओघळत केबिनमध्ये न येता झोलावरून गळून जातं. सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून आणि पंख्यापासून लांब. दर वीतभरावर टाय.

काजवा

जोड सोल्डर करायचे की क्रिंप? सोल्डर जास्त पक्का ना?

तारयंत्र

टेबलावर पक्का. गाडीत सोल्डर तारेच्या तंतूंमध्ये वर चढतं आणि जिथे थांबतं तिथे तार काडीसारखी कडक होते. थरथरीने बरोबर त्याच रेषेवर तुटते. क्रिंप करा, पण रॅचेटच्या पकडीने. साध्या पक्कडीने चेपलेला थिंबल म्हणजे उद्याचा वितळलेला होल्डर. क्रिंप झाल्यावर तार ओढून बघायची, जोर लावून. सुटली तर आत्ताच सुटू दे. वर आतून गोंद असलेली हीटश्रिंक स्लीव्ह.

चालू तारेला चिमटा लावून फाटा काढायचे ते निळे-लाल क्लिप असतात, ते नकोत. आतली पट्टी तंतू कापते आणि भेगेतून पाणी शिरतं.

ओहमकार

सोल्डरवर मी काकांएवढा कडक नाही. सोल्डरच्या पुढे-मागे तार नीट बांधलेली असेल, हलत नसेल, तर सोल्डर टिकतं. पण ज्याला विचारावं लागतंय त्याने क्रिंपच करावं, इथे एकमत.

फिरकी_स्क्रू

बरं, मग तयार हार्नेसचं काय ते सांगा. सगळेच वाईट नसतात.

ओहमकार

नसतात. पण उघडून बघा : तार किती चौ.मिमी, तांबं आहे का, फ्यूज त्या तारेला शोभतो का. पुष्कळ हार्नेसमध्ये बारीक तार आणि ३० किंवा ४० चा फ्यूज येतो, कारण रिलेवर ४० लिहिलेलं असतं. तसला आला तर निदान फ्यूज तरी उतरवून १० किंवा १५ चा करा. दिव्याजवळची दोन पिनांची कनेक्टर पाणबंद आहेत का तेही बघा. गाडी ओढ्यातून न्यायची असेल तर आयपी ६७ हवं, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. प्रेशरच्या पाण्याने धुता येईल असं हवं असेल तर आयपी ६९के वेगळं असतं. ६७ आहे म्हणून प्रेशर वॉशरची नळी जवळ धरू नका.

काजवा

माझी मोटरसायकल आहे. एवढं सगळं तिथेही तसंच?

तारयंत्र

तसंच, फक्त वीज कमी. कारचा अल्टरनेटर मोठा असतो. मोटरसायकलचा स्टेटर एकूण काहीशे वॅट देतो, त्यातले निम्म्याहून जास्त इग्निशन, इंजेक्शन, हेडलाइटला आधीच गेलेले. शिवाय तो आकडा चढ्या फेऱ्यांवरचा, इंजिन नुसतं घुटमळत असताना फार कमी. दिवे लावून, इंजिन आयडलला ठेवून बॅटरीवर मोजा. १२.६ च्या खाली उतरत असेल तर दिवे बॅटरी पितायत. तुम्हाला २०-२० वॅटचे एलईडी, १ चौ.मिमी तार आणि ५ चा फ्यूज पुष्कळ झाला. हॅलोजनच्या नादी लागू नका.

हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून तार ताणली जात नाही ना, ते बघायचं. मोटरसायकलची तार बहुतेक तिथेच तुटते.

वळणवाट

काका, एक राहिलं. एलईडी बार लावला की रेडिओत खरखर येते, त्याचं काय? बिनतारी संचावर तर कधीकधी समोरच्याचं बोलणंच ऐकू येत नाही.

ओहमकार

बारमधला ड्रायव्हर सेकंदाला हजारो-लाखो वेळा चालू-बंद होतो, त्याचा गोंगाट तारेवरून बाहेर पडतो. बारच्या अगदी जवळ दोन्ही तारा मिळून फेराइटच्या कड्यातून तीन-चार वेढे द्या. दोन्ही तारा एकमेकींना पिळून न्या. अँटेनाची केबल त्यांच्यापासून लांब. एवढ्याने कमी झालं नाही तर बारच हलका आहे, बाहेरून फिल्टर लावत बसण्यात अर्थ नाही.

उंचवटा

धागा वाचून कामाला लागलो आणि अडकलो. दुसऱ्या कुठल्या धाग्यात विचारण्यापेक्षा इथेच विचारतो. हेडलाइट तीन पिनांचा, जुना एच४ बल्ब. अप्परची तार शोधून वळणवाट ताईंनी सांगितल्याप्रमाणे स्विचमधून ८६ ला दिली, ८५ अर्थला. आता डिपर असताना जादा दिवे लागतात आणि अप्पर केला की विझतात! रिले दोनदा बदलला. रिले पाच पायांचा नाही, चारच पायांचा आहे.

तारयंत्र

रिले बरा आहे. तुमच्या गाडीत हेडलाइट निगेटिव्ह बाजूने चालू-बंद होतो. बल्बच्या तिसऱ्या, दोन्ही फिलामेंटच्या सामाईक पायावर पॉझिटिव्ह कायम, आणि स्विच अप्पर किंवा डिपरच्या तारेला अर्थ देतो. डिपर चालू असताना अप्परची तार अधांतरी असते, पण बल्बच्या अप्पर फिलामेंटमधून तिच्यावर १२ व्होल्ट दिसतात. फिलामेंटचा रेझिस्टन्स कॉइलपुढे नगण्य, म्हणून तुमचा रिले त्या वाटेने खेचला जातो. अप्पर लावला की तीच तार अर्थ होते आणि रिले सुटतो.

खात्री करा. मल्टिमीटरचं काळं टोक बॉडीला, लाल त्या अप्परच्या तारेवर. एकदा डिपरवर, एकदा अप्परवर, आकडे सांगा. गाडी नवी असती तर मी हा सल्ला दिला नसता. नव्या गाड्यांत हेडलाइट कंप्युटर चालवतो, करंट तुकड्यातुकड्यांनी सोडतो, मधूनच बल्ब आहे की नाही ते तपासायला बारीक ठोका देतो. तिथे रिले टकटक वाजत बसतो किंवा मीटरवर बल्ब गेल्याचा इशारा येतो. अशा गाडीला त्याच कंपनीच्या जादा दिव्यांच्या जोडणीतून किंवा त्यासाठीच बनवलेल्या मोड्यूलमधून ट्रिगर घ्यावा लागतो.

उंचवटा

डिपरवर १२.४, अप्परवर ०.२. बल्बच्या तिसऱ्या पायावर दोन्ही वेळा १२.४. गाडी जुनी आहे, कंप्युटर वगैरे काही नाही.

तारयंत्र

मग तेच. ८५ बॉडीवरून काढा आणि अप्परच्या त्या तारेला द्या. ८६ ला बल्बचा कायम पॉझिटिव्ह, मध्ये तुमचा स्विच आणि ३ अँपिअरचा छोटा फ्यूज. डिपरवर कॉइलच्या दोन्ही टोकांना पॉझिटिव्ह, म्हणजे रिले गप्प. अप्परवर ८५ अर्थ होईल आणि रिले ओढला जाईल. रिले डायोडवाला असला तरी ही दिशा बरोबर आहे. ३० आणि ८७ ला हात लावू नका.

उंचवटा

जोडलं. अप्परला लागतात, डिपरला विझतात, स्विच बंद असताना दोन्हीकडे काही नाही. आता हेडलाइट पूर्ण बंद केल्यावरही त्या तिसऱ्या पायावर १२.४ दिसतोय आणि चावी काढली तरी जात नाही, ते चालेल?

तारयंत्र

चालेल. अप्परच्या तारेला अर्थ मिळाल्याशिवाय कॉइलमधून काही जाणार नाही. फक्त काही गाड्यांत चावी काढल्यावरही पासिंगची दांडी ओढली की अप्पर लागतो. तसं असेल तर स्विच चालू ठेवून दांडी ओढल्यावर जादा दिवेही लागतील. ते नको असेल तर चावी काढताना तो स्विचही बंद करा.